परवानगी येईपर्यंतचं जालना

सुनेची डॉक्टर लोकांची परिषद जालन्याला होती. दोन दिवस मी घरी एकटी काय करणार, म्हणून तिनं मलाही गाडीत घातलं. हॉटेलात पोचल्यावर तिच्या हातात एक कापडी पिशवी आली. तीत वही, पेन, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आणि एक गुळगुळीत रंगीत कागद. जालन्यात कुठे जेवाल, कुठे चहा घ्याल, काय पाहाल. तिनं तो माझ्याकडे दिला. “आई, संध्याकाळी कुठं जायचं ते तुम्हीच बघा.” मी चष्मा लावला. चार ओळी वाचल्या असतील नसतील, तर माझे तळहात ओले झाले. सुनेनं लगेच मनगट धरून नाडी पाहिली. नाडीत काही वावगं नव्हतं.

असाच एक कागद मी बाविसाव्या वर्षी याच गावात हातात धरला होता. तो शाईनं लिहिलेला होता, आणि त्यावरही कुठे जेवायचं आणि काय पाहायचं, हेच होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आम्ही भोकरदनला राहायचो. हे तहसील कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. माझं माहेर धावड्याचं. वडिलांनी हट्टानं सात इयत्ता शिकवलं होतं, आणि भोकरदनला आल्यावर मी मारुतीच्या देवळामागच्या पडवीत मुलींचा वर्ग सुरू केला होता. शेणानं सारवलेली जमीन, भिंतीला टेकवलेल्या पाट्या, वर चिमण्यांचा गोंधळ. पावसाळ्यात ओल्या पाट्यांना येणारा तो वास मला अजून कुठे सापडला नाही. त्या वर्षी जालन्याला मराठी शिक्षकांची परिषद भरणार होती आणि त्यांनी निबंध मागवले होते. मी धीर करून एक पाठवला. ‘मुली शाळेतून कुठे जातात’ असं त्याचं नाव. उत्तराचं कार्ड आलं, या आणि स्वतः वाचा. ते कार्ड मी चुलीपुढे इतक्या वेळा वाचलं की वांग्याची भाजी करपली.

आनंद एक दिवस टिकला. मग भीती आली, ती थेट परत येईपर्यंत उतरली नाही. त्या काळात चार माणसं जमायची म्हटली तरी सरकारची परवानगी लागायची. मोटारीत बसवताना ह्यांनी खिडकीपाशी येऊन तीनदा सांगितलं, “कुणी विचारलं तर दवाखान्याला आल्ते म्हण. नाव छापून येऊ देऊ नको. आन् आधी विचार, परवानगी आली का न्हाई. बिगर परवानगीच्या सभेत सरकारी माणसाची बायको सापडली, तर मंग माझं काही खरं न्हाई.” मोटार सुटली तेव्हा ते टोपी हातात घेऊन उभे होते. पौष महिना होता. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती आणि कुठे कुठे हुरड्याचा धूर दिसत होता. एरवी मी त्या वासासाठी डोकं बाहेर काढलं असतं. त्या दिवशी मी पोटाशी धरलेली पिशवी दाबत बसले होते. पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती आणि चटणीच्या पुडीखाली निबंध.

जालना आधी वासानं यायचं. सरकीचा तेलकट वास, स्टेशनावरच्या कोळशाचा धूर, आणि जिनिंगमधून उडालेला कापूस लिंबाच्या झाडांवर अडकलेला, जणू झाडंच पिकलीत. कुंडलिका नदीत धोबी कपडे आपटत होते. मोठं गाव मी पहिल्यांदाच एकटीनं पाहत होते, आणि प्रत्येक माणूस माझ्याकडेच बघतोय असं मला वाटत होतं.

परिषदेची व्यवस्था देशमुख मास्तर नावाच्या गृहस्थांकडे होती. शाळेच्या ओट्यावर ते उभे होते. किडकिडीत, गळ्याभोवती मफलर, नजर सारखी रस्त्याकडे. मी नमस्कार करायच्या आधी विचारलं, “परवानगी आली का?”

“निघालीय औरंगाबादहून,” मास्तर म्हणाले. “आज संध्याकाळपर्यंत येतीच बघा.”

माझ्या मागून आलेल्यालाही त्यांनी हेच सांगितलं, त्याच्या मागच्यालाही. मग प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवला. फार उत्साहात असताना लिहिलेला असावा. अक्षरं मोठी, समासात फुलांची वेल. स्टेशनाजवळची खानावळ, सदर बाजारातलं चहाचं दुकान, मस्तगड, काळी मशीद आणि तिथला हमाम, आनंदी स्वामींचं मंदिर, वेळ असल्यास मोती तलाव. कागद देताना ते आवाज खाली आणून म्हणाले, “परवानगी येईस्तोवर चौघं एकत्र दिसू नका. दोघं-दोघं फिरा. खा, प्या, गाव बघा. पाहुणे आलेत आन् गाव बघून राह्यलेत, एवढंच दिसलं पाह्यजे.”

माझी जोडी सुमित्राबाईंशी लागली. आलेल्यांत बायका आम्ही दोघीच. त्या नांदेडहून आल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, हातात पुरुषी छत्री. तीन गावांत तीन शाळा काढून, त्यातल्या दोन बंद पडलेल्या पाहिलेली बाई. त्यांचा आवाज वर्गाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला शिकलेला होता आणि त्यांना तो लहान करता येत नव्हता. त्या बोलल्या की मी इकडेतिकडे बघायची.

आम्ही कागदाप्रमाणे निघालो आणि पहिल्याच ठिकाणी अडलो. खानावळीच्या दारात मालक आडवा झाला. आत पाटांच्या रांगेवर पुरुष जेवत होते, येसराच्या आमटीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. “बाईमाणसाला इथं न्हाई जमत,” तो म्हणाला. “डबा भरून देतो. घरी न्या.”

“घर नांदेडला आहे बाबा,” सुमित्राबाई म्हणाल्या.

तो हसला नाही. चहाच्या दुकानात तर आम्ही पायरी चढलो नाही तोच बशीत फुंकर मारणारे सगळे थांबले. आम्ही पायरीवरूनच परतलो. मास्तरांचा बिचाऱ्यांचा दोष नव्हता. त्यांनी कागद लिहिला तेव्हा पाहुणे म्हणजे पुरुषच त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. त्या कागदावरचं निम्मं जालना आम्हाला बंद होतं.

त्या दिवशी मस्तगडच्या भागात ज्यांच्याकडे आमची उतरण्याची सोय होती, त्या बाईंनी जेवायला वाढलं. गरम भाकरी, पिठलं, वर लोण्याचा गोळा. मला जरा धीर आला. परवानगी मात्र संध्याकाळी आली नाही. मास्तर निरोप सांगून गेले, उद्या सकाळी नक्की.

सकाळी परवानगीऐवजी एक शिपाई आला. उंबऱ्याबाहेरूनच त्यानं घरधन्याला विचारलं, कोण उतरलंय, कुठून, काय काम. तो गेला आणि घराचं तोंडच बदललं. बाई आमच्यापुढे उभ्या राहिल्या, पण बोलल्या भिंतीकडे पाहून. “आमच्याकडं पाहुणे येणार आहेत दुपारी. तुम्ही दिवसभर बाहेरच... रात्री निजायला या. तेवढ्याला ना न्हाई.” त्यांच्या हातातल्या ताटात आमच्यासाठी केलेला उपमा होता. तो त्यांनी ठेवला नाही आणि परतही नेला नाही. तशाच उभ्या राहिल्या. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तशीच उभी राहिले असते.

असं आम्ही दिवसभरासाठी रस्त्यावर आलो.

मस्तगडच्या बुरुजाखाली असताना मला तो पहिल्यांदा दिसला. तपकिरी शेरवानी, कोपरांवर झिजलेली. आम्ही थांबलो की तो थांबायचा. त्याला भयंकर सर्दी झाली होती. दर दहा पावलांना शिंकायचा, त्यामुळे मागे न बघताही तो किती अंतरावर आहे ते कळायचं. “बाई, खुफिया पोलिसांचा माणूस आहे,” मी म्हणाले. “चला, परत जाऊ.”

“कुठं परत? दारं लावून घेतली त्यांनी.” सुमित्राबाई वळल्या आणि सरळ त्याच्याकडे चालू लागल्या. मला वाटलं, संपलं. भोकरदनची कचेरी, ह्यांची टोपी, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

“का हो भाऊ,” त्या म्हणाल्या, “आम्ही परगावच्या. बायकांना बसून खाता येईल असं इथं काही आहे का?”

तो गोंधळला. नाक पुसलं. मग अगदी आज्ञाधारकपणे म्हणाला, “स्टेशनाकडं नका जाऊ. फूल बाजाराच्या मागं एक म्हातारी धपाटे करती. मागच्या अंगनात बसू देती. बाया जातेत तिथं.” थोडं थांबून म्हणाला, “दही ताजं हाय तिचं.”

खरंच तिचं दही ताजं होतं. अंगणात जाईचा वाळलेला वेल, त्याखाली पोतं टाकलेलं. झेंडूच्या कुजक्या पाकळ्यांचा वास बाजारातून येत होता. धपाट्यांत तीळ होते आणि लसूण सढळ होती. सुमित्राबाईंनी चार खाल्ले. मला एकही धड खाता येईना, कारण अंगणाच्या दारातून समोर दिसत होता तो, भिंतीला टेकून शेंगा सोलत आणि शिंकत. म्हातारीनं तांब्या पुढे केला. आम्ही दोघींनी माना हलवल्या. पाणी प्यायलं की पुढचा प्रश्न उभा राहतो आणि त्याची सोय मास्तरांच्या कागदावर कुठेच नव्हती. पुरुषांना हे सांगून पटत नाही. परगावी गेलेली बाई त्या काळी तहानेनंच दिवस काढायची.

आम्ही गाव पाहत राहिलो. पाहत राहणं भागच होतं. मस्तगडची विहीर पाहिली, खाली काळं पाणी, वर पारव्यांची फडफड. आनंदी स्वामींच्या मंदिरात बसलो, पण पुजारी दोनदा येऊन बघून गेला तेव्हा उठलो. वाटेत एका कोपऱ्यावर परिषदेला आलेले दोन गृहस्थ दिसले. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही. त्यांच्याही चेहऱ्यावर तेच होतं, सहलीला आल्याचं सोंग करणाऱ्या माणसाचं कोरडं तोंड.

काळ्या मशिदीपाशी आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. काळा घडीव दगड, पलीकडे हमाम, त्यातून जुन्या चुन्याचा गार वास. मी वर कमानीकडे पाहत होते. बाजूला काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सुमित्राबाईंची छत्री पडली होती, आणि त्या भिंत धरून खाली बसत होत्या. चेहरा पांढरा, ओठ निळसर. “काही न्हाई, काही न्हाई,” म्हणत होत्या, पण आवाज, तो केवढा मोठा आवाज, अगदी तळाशी गेला होता. मी त्यांना धरलं. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. गल्लीत माणूस नव्हतं. मी मागे पाहिलं. शेरवानीवाला पुढे यावं की नाही अशा विचारात उभा होता.

तेवढ्यात समोरचं एक दार उघडलं. एका बाईनं डोकं बाहेर काढलं, ओढणी दातात धरलेली. “हाय अल्ला, गिर जाते ना! अंदर लेव, जल्दी अंदर लेव.” तिनं आणि मी मिळून सुमित्राबाईंना उचलल्यासारखंच आत नेलं.

आत अंगण, तुळशीसारखा सब्जाचा वाफा, पलीकडे बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा लावलेली लांब खोली. चौकीवर एक म्हातारी बसली होती, सगळे तिला अम्मा म्हणत होते. तिच्या पायाशी दहा-अकरा वर्षांची मुलगी मणी ओवत होती. दार उघडणारी बाई त्या मुलीची आई. तिनं सुमित्राबाईंना गादीवर टेकवलं, सुरईतलं पाणी वाटीत घेतलं आणि तशीच थांबली. मला म्हणाली, “मी पैठणची हाय. मला मालूम हाय तुमच्या लोकांचं. आमच्या घरचं पाणी चालत नसंल तर पेरू हाय. फळाला हरकत नसती ना?”

ती वाटी हवेत होती. मी अशा घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं. मला माझी आई आठवली, सासूबाई आठवल्या, धावड्याच्या घरातला वेगळा ठेवलेला पेला आठवला. सुमित्राबाईंनी डोळे न उघडताच हात पुढे केला, वाटी घेतली आणि घटाघट प्यायल्या. दुसरी मागितली. मग मीही हात पुढे केला. पाण्याला वाळ्याचा वास होता. सकाळपासूनच्या तहानेवर ते पाणी उतरत होतं आणि मला रडू येत होतं. पुढचा प्रश्नही त्या बाईनं न विचारताच सोडवला. अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “उधर हाय. जाऊन या.”

परत आले तेव्हा माझी नजर खुंटीवर गेली. खुंटीला खाकी कोट होता. त्यावर पितळी बिल्ला, भोकरदनच्या अमीनाच्या कोटावर असायचा तसाच, खाली चामड्याचा पट्टा.

हे अमीनसाहेबांचं घर होतं. म्हणजे इथल्या पोलिसांच्या मुख्याचं. ज्यानं आमच्या उतरण्याच्या जागी शिपाई पाठवला होता आणि ज्याचा माणूस आत्ता दाराबाहेर शिंकत होता.

मी पिशवी छातीशी धरली. ते अम्मांनी पाहिलं. “क्या है बेटी उसमें? इतना संभालते?”

“चटणी,” मी म्हणाले.

सुमित्राबाई गादीवरून म्हणाल्या, “निबंध आहे. वाचायला आलीय बिचारी, पण वाचू देईना कुणी.” त्यांनी कोट पाहिला नव्हता. चष्मा पडला होता त्यांचा.

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण पैठणची बाई हसली. “काय लिवलं हाय?”

मी निबंधाचं नाव सांगितलं. तिनं ते अम्मांना त्यांच्या भाषेत सांगितलं. मुलीच्या हातातले मणी थांबले. अम्मांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तो कहाँ जाते? पढ़ो.”

मी सुमित्राबाईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. आणि पुडी सोडली. कागदांना तेलाचे डाग पडले होते. मी वाचू लागले. गोदा वर्गात सगळ्यांत आधी मुळाक्षरं शिकली आणि भाऊ झाल्यावर त्याला सांभाळायला घरी राहिली. शेवंता कापूस वेचायला गेली ती हंगाम संपल्यावरही आली नाही. रखमाचं लग्न झालं. एकीच्या आईनं सांगितलं, अक्षर आलं की पोरगी चिठ्ठ्या लिहिते. मी दोन वाक्यं वाचायची, पैठणची बाई ती अम्मांना समजावायची, मग पुढची दोन. माझा आवाज आधी कापत होता. मग गोदा डोळ्यांपुढे आली आणि कापायचा थांबला.

अर्ध्यावर असताना बाहेर बूट वाजले. दार उघडलं. बूट अंगणातून चिकाच्या पडद्यापर्यंत आले आणि थांबले.

“अम्मा, कौन आये?”

सुमित्राबाईंना आता चष्मा सापडला होता, कोटही दिसला होता. त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात गार होता. त्या दिवसात मला पहिल्यांदाच कळलं की त्याही घाबरत होत्या.

“मेहमान हैं,” अम्मा म्हणाल्या.

“बाहर मेरा आदमी खड़ा है. बोलता, परिषद की बायाँ हैं.”

अम्मांनी पानाचा डबा उघडला, चुना लावला, सगळं सावकाश. “इधर कोई परिषद नहीं. घर की औरतां बैठे हैं. औरतां बैठने कू भी अब परवानगी लगती क्या?”

मी बुटांच्या जाण्याची वाट पाहत होते. ते गेले नाहीत.

“रुक क्यों गई?” अम्मा मला म्हणाल्या. “वो गोदा वापस आई क्या?”

“न्हाई,” मी म्हणाले.

“पढ़ो.”

मी उरलेलं वाचलं. पडद्याच्या काड्यांमधून बुटांच्या टोकांची चकाकी दिसत होती आणि मी वाचत होते. शेवटी लिहिलं होतं की गेलेल्या मुलींच्या पाट्या मी कोनाड्यात ठेवल्या आहेत, कुणी मागायला आलंच तर असाव्यात म्हणून. ते संपलं तेव्हा मण्यांची मुलगी सरकत सरकत माझ्यापाशी आली होती. तिनं कागदावर बोट ठेवून वरची अक्षरं लावली, “मु... ली...” आणि आईकडे पाहिलं.

“पिछले साल तक जाती थी मदरसे,” तिची आई हळू म्हणाली. “अब बडी हो गयी ना.”

तेव्हा बूट हलले. आतल्या खोलीकडे नाही, बाहेर गेले.

निघताना तिनं आमच्या पिशवीत पेरू भरले. दारात मी तिचा हात धरला, पण नाव विचारायचं राहून गेलं. बाहेर शेरवानीवाला आमच्याकडे पाठ करून उभा होता. आम्ही पुढे गेल्यावर मागे शिंक ऐकू आली, पण बऱ्याच अंतरावरून.

परवा सुनेला घेऊन मी त्या गल्लीत गेले. मशीद आहे, तोच काळा दगड. पण समोर दुकानांच्या पाट्या, शटर, स्कूटरी. कोणतं दार, ते मला सांगता येईना. एका दुकानदारानं विचारलं, “मावशी, कुणाचं घर बघून राह्यल्या?” मी काय सांगणार? ते लोक इथे असतील, हैदराबादला गेले असतील, त्याहून दूर गेले असतील. पुढच्या दोन वर्षांत निजामाचं राज्य गेलं, इकडची माणसं तिकडे आणि तिकडची इकडे झाली. सून म्हणाली, “आई, सावलीला या.” मी उन्हातच उभी राहिले थोडा वेळ.

परवानगी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्टेशनावर प्रत्येकाला निरोप द्यायला आले होते. “पुढच्या वर्षी,” म्हणत होते आणि कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हते. सुमित्राबाई गाडीच्या खिडकीतून मोठ्यानं म्हणाल्या, “मास्तर, आमची परिषद झाली बरं का!” मी घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या हसत होत्या. नंतरच्या धामधुमीत त्यांना पाठवलेली पत्रं परत आली.

भोकरदनला पोचले त्या दिवशी हे कचेरीतून यायच्या आत मी निबंध चुलीत घातला. तेलाच्या डागांनी तो पटकन पेटला. चटणी भाजल्यासारखा वास आला. ह्यांनी विचारलं, “परिषद झाली?” मी म्हणाले, “न्हाई झाली.” ह्यांचा चेहरा इतका सैल झाला की पुढे काही सांगावंसंच वाटलं नाही. पण रोज संध्याकाळी ते यायच्या वेळेला पावलांचा आवाज रोजच्यासारखा आहे ना, ते मी भाकरी थापता थापता ऐकायची.

दहा-बारा दिवसांनी तो रोजच्यासारखा नव्हता. हे आले आणि टोपी न काढताच ओट्यावर बसले. दिवेलागण व्हायची होती.

“जालन्याहून कागद आल्ता,” ते म्हणाले. “तहसीलदार साहेबांनी आत बोलावलं. माझ्याच हातात दिला आन् म्हणाले, मोठ्यानं वाचा.”

मी परातीत हात तसेच ठेवून ऐकत होते.

त्यांनी तो कागद पाठ म्हणून दाखवला. उर्दूतला, पण मला मराठीत. स्टेशनाजवळच्या खानावळीत गेल्या, जेवण मिळालं नाही. चहाच्या दुकानात गेल्या, बसल्या नाहीत. फूल बाजाराच्या मागे धपाटे व दही खाल्लं. मस्तगडची विहीर पाहिली. मंदिर पाहिलं. कुठेही पाणी प्यायल्या नाहीत. दुपारी काळ्या मशिदीजवळ झाडाच्या सावलीत अडीच तास बसल्या. कुणाशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मुक्कामी परत.

“साहेब म्हणाले, बस, इतनाच? आन् कागद बाजूला टाकला. सुटलो.” हे थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पौषात अडीच तास सावलीत बसलात? थंडीत तर माणूस ऊन शोधतं.”

मी हात धुतले. त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. दार, वाटीतलं पाणी, खुंटीवरचा कोट, पडद्यापलीकडचे बूट. सांगताना मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तो टोपीची कड चाचपत होता. पाण्याबद्दल बोलतील असं वाटलं, खोटं बोललीस म्हणतील असं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, “वाचताना आवाज फुटला का तुझा?”

“आधी न्हाई. मंग फुटला.”

“मला त्यातलं काहीच माहीत न्हाई,” ते म्हणाले. खरं होतं ते. कुणी विचारलं तर खोटं बोलावं लागू नये म्हणून त्यांनी तो निबंध कधी पाहिलाच नव्हता. “आण. वाचून दाखव.”

“जाळला,” मी म्हणाले. “आल्ते त्याच दिवशी.”

“का?”

मी चुलीकडे पाहिलं. ते उठले, टोपी खुंटीला लावली, दाराला कडी घातली. दिवा लावून खाली ठेवला. मग कचेरीचं दप्तर सोडून त्यातून दौत आणि टाक काढला, मांडीवर पाटी घेऊन तीवर कोरा कागद पसरला. टाक बुडवला, निब दौतीच्या काठावर दोनदा पुसलं.

“सांग,” म्हणाले.

मी पहिली ओळ सांगितली. दुसरीही. तिसऱ्या ओळीवर त्यांनी मान वर केली.

“हळू,” ते म्हणाले. “मराठी लिहायची सवय मोडलीय. गोदाचा गो सांग, आधी काना का आधी मात्रा?”